मुशीने खाल्लेली बोटं

कॉस्मसचा हात सुटला नाही. सुटणं वेगळं. घामाने हात सुटतो, धक्क्याने सुटतो, मागच्याने खांदा मारला की सुटतो, आणि त्याबद्दल माणसाला कुणी जाब विचारत नाही. पण अंधेरीला त्या सोमवारी सकाळी, कारखान्याकडे जाणाऱ्या बसमागे धावून त्याने दांडा पकडला, उजवा पाय फूटबोर्डावर रोवला, डावा वर घेतला, बसने वेग धरला, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याची बोटं एकेक करून उघडली. चर्चमध्ये दानाची थाळी शेजाऱ्याकडे सरकवावी तितक्या सभ्यपणे. पुढचं त्याला कळलं ते केळ्यांच्या गाडीखालून. केळेवाला आधी केळी मोजत होता आणि मग कॉस्मसकडे बघत होता. बसच्या दारातून कंडक्टर अर्धा बाहेर लोंबकळला आणि ओरडला, "अरे ए, धरला होतास ना दांडा? मग सोडलास कशाला?" घंटी मारून तो निघूनही गेला. अशी माणसं प्रश्न टाकून पुढच्या स्टॉपला जातात. ज्याच्यावर प्रश्न पडतो तो मात्र तिथंच, कोपर खरचटलेला, केळ्याच्या सालीवर बसून राहतो. कॉस्मसने हात डोळ्यांसमोर धरला. चांगला पाच बोटांचा, मजबूत, मिठाच्या आणि ग्रीझच्या खुणा असलेला हात. त्या हाताने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू म्हणत होता, मी माझं काम केलं, आता तू तुझं कर.

तोपर्यंत दोष यंत्राचा होता. गेला पंधरवडाभर कॉस्मस सगळ्यांना तेच सांगत होता आणि स्वतःही मानत होता. यंत्र म्हणजे कॉस्मसच्या गावी, गोराईत, सगळे जिला पाण्याची फटफटी म्हणत ती. जपानहून सिंगापूरमार्गे एका सिनेमावाल्याने आणलेली, उभ्याने चालवायची, बसायला जागाच नाही. पुढे नाक, मागे उभं राहायला फळी, मध्ये एक लांब दांडा, त्याच्या टोकाला हँडल, आणि हँडलवर उजव्या अंगठ्याखाली एक छोटी पट्टी. ती दाबली की पोटातलं यंत्र पाणी ओढून मागे फेकतं आणि माणूस पुढे जातो. गावात आली त्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तिच्याभोवती फिरून पाहिलं, पंखा कुठे आहे म्हणून खाली वाकून पाहिलं, आणि पंखा दिसत नाही म्हटल्यावर एका आजीने तिच्यावर क्रूस काढला. सिनेमात हीरोला गुंडांनी खाडीत घेरायचं होतं. हीरोने फेरीच्या लाँचमागे उठणाऱ्या लाटेवरून फटफटीसकट उडी मारायची, नाक खाली घालून सरळ पाण्यात शिरायचं, यंत्र आणि माणूस दोन्ही गुडूप, गुंड हसतायत, आणि मग पलीकडून माशासारखं उसळून वर यायचं. उभ्याने. हीरो अर्थात हे करणार नव्हता. हीरोला सर्दी होत असे. त्याचा ठरलेला डुप्लिकेट पहिल्याच दिवशी खाडीचं पाणी पिऊन आजारी पडला, आणि फाइट मास्टर चंद्रप्रकाश, वाकोल्याचा, गळ्यात रुमाल आणि तोंडात कायम बडीशेप, धक्क्यावर येऊन हीरोच्या अंगाचा माणूस शोधायला लागला. कॉस्मसला मागून पाहिलं आणि म्हणाला, "पाठ झकास आहे. तोंड कोण बघतंय?" असा कॉस्मस त्यात शिरला. हौसेने शिरला, हे खरं. शिफ्टवरून आला की भरती बघून खाडीवर जायचं, गुडघ्यांवर यंत्र चालू करायचं, वेग आला की उभं राहायचं. उभं राहायला तो दोन संध्याकाळींत शिकला. वळायला शिकला. लाटेवरून उडायलाही शिकला. पण नाक पाण्यात शिरलं, डोळ्यांपुढे हिरवं झालं, की अंगठा पट्टीवरून उठायचा. यंत्राचा जोर मरायचा, ते वर तरंगायचं, आणि कॉस्मस वेगळा वर यायचा, नाकातोंडात चिखल घेऊन.

आणि मग ती त्याला न्यायला यायची. ही त्या फटफटीची अजब खोड होती: माणूस पडला की ती हळूहळू धुगधुगत स्वतःभोवती गोल फिरते, आणि फिरत फिरत पडलेल्या माणसाजवळ येते. संध्याकाळी गोठ्याकडे परतणाऱ्या म्हशीसारखी. कॉस्मसला सगळ्यात जास्त लाज त्याची वाटायची. पडल्याची नाही; पडल्यावर एवढ्या सौजन्याने कुणी न्यायला येण्याची. धक्क्यावर त्याचा बाप, अल्फान्सो, जाळं शिवत बसलेला असायचा, आणि डोळे वर न करता म्हणायचा, "येते बग तुझी म्हैस. माणूस टाकला तरी परत येते. दर्या नाय येत परत."

अल्फान्सोच्या उजव्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढंच होतं. उरलेली तीन बोटं कुठे गेली, याच्या गोराईत जितक्या गोष्टी होत्या तितकी तिथे तिवरं नसतील. एकदा मुशीने, म्हणजे शार्क माशाने, खाल्ली. मुशी एवढी मोठी, की तिच्या पोटात नंतर एक पितळी घड्याळ आणि पोर्तुगीज टोपी सापडली. एकदा इंग्रजाच्या साखळीत अडकली, आणि बदल्यात इंग्रजाने त्याला दारूची बाटली दिली. एकदा सासऱ्याने मागून घेतली, मुलगी देण्याच्या अटीवर. ऐकणारा कोण त्यावर गोष्ट ठरायची. कॉस्मसला त्याने लहानपणापासून एकच, कोरडी, बिनमजेची गोष्ट सांगितली होती: दोरीने गेली. जाळं खडकाला अडकलं, दोरी हाताभोवती होती, आणि मी सोडली नाही. बस्स. ही गोष्ट म्हणजे त्या घरातला कायदा. जेवताना, झोपताना, होडीत पहिल्यांदा बसताना: "दोरीनं ओडलं का हात सोर. कळलं? जालं परत विनता येतं, बोटं नाय." पुढे होडीला इंजिन आलं, तेव्हा कायद्यात कलम वाढलं. मागची बाजू लाटेवर उचलली गेली आणि पंखा हवेत फिरायला लागला की रेस सोडायची, नाही तर पंखा मोडतो. सोर, म्हणजे सोड! दर्यावर बापाचा हा एकच शब्द वाऱ्याच्या वर ऐकू यायचा, आणि कॉस्मसचा हात तो शब्द कानाच्या आधी ऐकायचा. मास्टरने त्याला शंभरदा सांगितलं होतं की या यंत्राला बाहेर पंखा नाही, मोडायला काही नाही, उलट अंगठा उचललास तर वळणंसुद्धा तुझ्या हातात राहत नाही. डोक्याला ते पटलं होतं. हात डोक्याच्या शाळेत गेलेला नव्हता.

पण बसच्या दांड्याला पंखा नव्हता, लाट नव्हती. हिरवं काही नव्हतं. सोमवारपासून कॉस्मस कारखान्यात बाटल्यांच्या पट्ट्यासमोर उभा राहून आपल्या आयुष्यातल्या सोडलेल्या गोष्टींकडे पाहत होता, आणि त्या बाटल्यांसारख्याच एकामागून एक येत होत्या. वांद्र्याला हॉकी खेळायचा. निवडीच्या आदल्या आठवड्यात सोडली. मामा आखातात नोकरी लावत होता, पासपोर्टसुद्धा काढून झाला होता, सोडली. दर्या सोडला, कारखाना धरला, आणि कारखान्यात ज्या खुर्चीसाठी युनियनचे लोक त्याला उभं करत होते तीही त्याने नुसतं हसून दुसऱ्याकडे सरकवली. प्रत्येक वेळी कारण होतं, आणि चांगलं कारण होतं. आता त्याला वाटायला लागलं की कारणं मागून आली, आधी हात उघडला. घरी मॉनिका होती, आठवा महिना भरत आलेला. संध्याकाळी ती भिंतीला पाठ टेकून पाय पसरून बसे, पोटावर बशी ठेवून त्यात चणे ठेवी, आणि आतल्याने लाथ मारली की बशी हलायची. "बघ, चणे मागतंय." कॉस्मस हसायचा, आणि आपला हात मांडीखाली दाबून ठेवायचा. हे लहान, ओलं, गुळगुळीत काहीतरी काही दिवसांनी कुणीतरी या हातांत देणार. आणि मग, काही कारण नसताना, चर्चमध्ये थाळी सरकवावी तसं... त्याच्या पुढे त्याचं मन जात नसे. तिथे हिरवं व्हायचं.

"कोपराला काय झालं?" मॉनिकाने विचारलं होतं.

"बसमधून पडलो."

"ढकललं कुणी?"

"नाय."

मॉनिकाने त्याच्याकडे पाहिलं. ती उत्तनची, तिथल्या बायका नवऱ्याचं खोटं वासावरून ओळखतात. पण हे खोटं नव्हतं, म्हणून तिला जास्त भीती वाटली असावी. मग आणखी कुठे लागलंय का बघायला म्हणून ती बनियन वर करायला लागली आणि नेहमीसारखी तिची बोटं त्याच्या कमरेवरच्या त्या पांढुरक्या वळावर थांबली. कमरेभोवती पाऊणएक फिरलेला, करगोट्यासारखा.

"जन्मखूण अशी गोल असते काय रे? जन्मखूण ठिपका असते. हे कुणी बांधून ठेवल्यासारखं आहे."

"बाबा सांगतात जन्मखूण."

"तुझे बाबा बोटं मुशीने खाल्ली असंही सांगतात."

ओसरीवर बाप बिडी ओढत होता. मॉनिका मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "काय हो बाबा, तुमची बोटं कुठल्या दोरीनं गेली? जाळ्याच्याच ना?" म्हाताऱ्याला एरवी एवढं निमित्त पुरायचं; मुशी, इंग्रज, सासरा, कुणी ना कुणी हजर झालाच असता. त्या संध्याकाळी त्याने बिडी विझवली, विझलेली परत तोंडात धरली, आणि म्हणाला, "दोरी ती दोरी. तिला काय नाव असतं?" आणि उठून होडीकडे गेला. कॉस्मसला ते विचित्र वाटलं. बापाला गोष्ट सुचली नाही, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

शनिवारी शेवटची तालीम. लाँच लाट उठवून गेली, कॉस्मस उडाला, नाक शिरलं, हिरवं झालं, अंगठा उठला. पुन्हा उडाला, पुन्हा उठला. तिसऱ्यांदा त्याने उजवा अंगठा डाव्या हाताने पट्टीवर दाबून धरायचा प्रयत्न केला आणि दांडा दातांवर बसला. तोंड रक्ताने खारट झालं. खाडीहून वेगळं खारट. म्हैस धुगधुगत न्यायला आली.

"अरे यार, तू पाण्यात पोचतोस ना, पोचल्यावर काय होतं तुला?" मास्टर गुडघाभर चिखलात उभा होता, रुमाल काढून हातात पिळत. "भूत बघतोस काय? दाबून ठेव ना! एक श्वास! एका श्वासाचं काम आहे. तू सोडतोस आणि पूर्ण शॉटची वाट लावतोस."

"मी सोडत नाय, मास्टर."

"मग कोण सोडतं, तुझा बाप?"

धक्क्यावर बापाची सुई थांबली आणि पुन्हा चालू झाली.

"हे बघ," मास्टर जरा मऊ झाला, बडीशेप पुढे केली, "उद्या भरती चढताना एक टेक. लाँच परत मिळणार नाही, ऊन मिळणार नाही. नाय जमलं तर मी मद्रासवरून पोरगा बोलावलाय, तो नंतर करेल. तुझ्यावर राग नाय. सगळ्यांना जमत नाय." सगळ्यांना जमत नाही. किती सुंदर, मोकळं, हवेशीर वाक्य. कॉस्मसला ते ऐकताच बरं वाटलं, आणि बरं वाटलेलं पाहूनच तो सावध झाला, कारण हॉकीच्या वेळी, आखाताच्या वेळी, खुर्चीच्या वेळी अगदी असंच बरं वाटलं होतं. हात आतून उघडायला लागला होता. त्याने मूठ वळली. "मद्रासवाल्याला सांगा येऊ नको," तो म्हणाला, आणि आपण हे का म्हणालो ते त्याला कळलं नाही.

रविवारी मिस्साहून लोक सरळ खाडीवर आले. बायका लुगड्यांत, पुरुष बुटांत, पाद्रीसुद्धा कोरडी जागा बघून उभे. मॉनिकाला कुणीतरी खुर्ची दिली होती. ती हात हलवत नव्हती. दोन्ही हात पोटाखाली धरून बसली होती, भांडं धरावं तशी. बाप आपल्या होडीत होता, इंजिन चालू ठेवून, तिवरांच्या कडेला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. कॉस्मसला हीरोचा पिवळा शर्ट घातलेला होता, तो पाठीला चिकटत होता. जीभ दाताच्या जखमेवर पुन्हापुन्हा जात होती. गुडघ्यांवर, मग पायांवर. फळी तळपायाखाली थरथरते आहे, ती थरथर नडगीतून मांडीत, मांडीतून कमरेत, आणि कमरेशी येऊन थांबते, त्या वळाशी, जणू तिथून पुढे रस्ता नाही. हे रोजच होत होतं, पण त्याने आज पाहिलं. लाँच गेली. तिच्या मागे पाणी फाटलं आणि फाटलेल्या दोन्ही कडा फुगून उठल्या. मास्टरचा रुमाल खाली आला. अंगठा दाबला. लाट जवळ आली, पायांखाली आली, नाहीशी झाली. तो हवेत होता, आणि हवेत माणसाला फार वेळ असतो. एवढ्या वेळात त्याला केळेवाला दिसला, चण्यांची बशी दिसली, आणि बापाची सुई थांबलेली दिसली. मग नाक शिरलं.

हिरवं. रोजचं हिरवं. पण रोज तो या हिरव्याच्या दारातूनच परत फिरायचा, आत काय आहे ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आता पाणी छातीवर, गळ्यावर, डोळ्यांवर आलं, अंगठा उठायला लागला, अगदी सभ्यपणे, आणि तेवढ्यात कमरेला हिसका बसला. मागून. यंत्र पुढे ओढत होतं आणि कुणीतरी कमरेतून मागे ओढत होतं, जोरात, दुखेल असं, कातडी सोलवटेल असं, आणि हे नवीन नव्हतं. हे जुनं होतं. तापात यायचं ते स्वप्न: हिरवं पाणी, स्वतःचे पाय फार लहान, तोंडातून बुडबुडे वर जातायत आणि आपण खाली, आणि कमरेभोवती काहीतरी जे सोडत नाही. होडीत पोराला न्यायचं तर कमरेला दोर बांधून दुसरं टोक डोलकाठीला मारायचं, ही गोराईची रीत. त्याने स्वतः हजारदा पाहिली होती, आणि आपल्यालाही कधी बांधलं असेल हे त्याच्या मनात आलं नव्हतं. डोलकाठीची गाठ सुटते. गाठी सुटतात. मग दोराचं टोक कुणाच्या तरी हातात येतं, हाताभोवती वेढे बसतात, वेढे आणि होडीची लोखंडी कडा यांच्यामध्ये बोटं येतात, आणि दोर ओढतो. वर कुणीतरी ओरडतंय, पाण्यातून शब्द कळत नाही. मामाचा आवाज असेल. सोर, अल्फान्सो, सोर. दोर सुटत नाही. दोर सुटत नाही. दोर सुटत नाही. कॉस्मसचा अंगठा पट्टीवर होता. तो उठला नव्हता. हिरवं पिवळं झालं, पिवळं पांढरं, आणि डोक्यावरचं पाणी फुटलं.

तो उभा होता. फळीवर, दोन पायांवर, नाकातून पाणी गळत, आणि किनाऱ्यावर असा ओरडा झाला की तिवरांतले बगळे उठले. "कट!" मास्टर नाचत होता. "कट! झकास! अरे कट ना!" कॉस्मस कॅमेऱ्यासमोरून गेला. धक्क्यासमोरून गेला. मॉनिका खुर्चीतून उठलेली दिसली, दोन्ही हात तसेच पोटाखाली. कट म्हणजे अंगठा उचलायचा, हे त्याला माहीत होतं. अंगठा उचलला जात नव्हता. बोटं हँडलभोवती अशी बसली होती की हँडल आणि हात यांत फरक राहिला नव्हता, आणि मुख्य म्हणजे त्याला भीती वाटत होती: आता उघडली तर पुन्हा मिटणार नाहीत. तो खाडीच्या तोंडाबाहेर गेला, मोठं वळण घेऊन परत आला, पुन्हा गेला. गोल. गोराईत आजही सांगतात की फिरता फिरता भरतीची ओहोटी झाली आणि मासे चक्कर येऊन वर तरंगले. एवढं नसेल, पण पाद्री जेवायला निघून गेले हे खरं. बापाच्या इंजिनाचा आवाज त्याच्या मागे होता. म्हातारा एकदाही ओरडला नाही. ज्या माणसाने जन्मभर एकच शब्द ओरडला तो तोंड मिटून मागे मागे येत होता. शेवटी पेट्रोल संपलं. यंत्राने दोन उचक्या दिल्या आणि सगळीकडे शांत झालं. कॉस्मस गुडघ्यांवर बसला, हँडल धरून.

होडी येऊन लागली. अल्फान्सो वाकला. डाव्या हाताने त्याने मुलाचं मनगट धरलं, आणि उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांच्या चिमटीने त्याची करंगळी उचलली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. जाळ्यातून काटेरी मासा सोडवतात तसं, घाई न करता.

"बाबा," कॉस्मस म्हणाला. दात वाजत होते. "त्या दोरीला जाळं नव्हतं."

म्हातारा चौथ्या बोटाशी आला होता. "होतं की."

"नव्हतं."

"होतं रं. एक मासा पन होता त्यात. फुकटचा, हलका. बाजारात नेला असता तर कोनी हुंगला नसता." त्याने चौथं बोट उचललं. "तुझी आय काठावर उभी होती. मोकळा हात घेऊन कसा जानार होतो?"

"मग मला जन्मभर सोड सोड का शिकवलंत?"

अल्फान्सोला गोष्ट सुचत नव्हती, आणि या वेळी त्याने ती शोधलीही नाही. "दुखतं म्हनून," तो म्हणाला.

अंगठा राहिला होता. कॉस्मस वाट पाहत राहिला, पण बापाने आपला हात मागे घेतला आणि बिडी काढली. "तो तुझा तू उचल." लाट एकदा होडी आणि फटफटी दोघींना वर घेऊन गेली आणि खाली ठेवून गेली. कॉस्मसने अंगठ्याकडे पाहिलं. मग त्याने तो उचलला. कुणी उघडला नाही, आपसूक उठला नाही, त्याने उचलला. मूठ मिटून पाहिली, मिटली. पुन्हा उघडली.

किनाऱ्यावर मास्टर कंबरभर पाण्यात धावत आला. कॉस्मसला मिठी मारली, म्हाताऱ्यालाही मारणार होता, इतक्यात त्याची नजर त्या दोन बोटांवर पडली आणि त्याचा चेहरा पडला. "चाचा, हे... आत्ता झालं? यंत्रात आलं काय?"

"छ्या," अल्फान्सोचे डोळे चमकले. "जुनं आहे. मुशीनं खाल्ली. अशी मोठी मुशी, पोटात पितळेचं घड्याळ, चालू."

मास्टरने संशयाने मुलाकडे पाहिलं. मॉनिका चिखलातून येत होती, चपला हातात घेऊन, आणि कॉस्मसने तिच्यासाठी हात पुढे केला होता.

"खरं आहे, मास्टर," तो म्हणाला. "मी तिथंच होतो."